आई-बाबांची अलास्का : एक प्रोजेक्ट रिपोर्ट

हॉस्टेलवर 'टूर' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. एक तर गोवा, नाही तर इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली गोवा. बजेट कमी असेल तर सिंहगड, आणि महिनाअखेर असेल तर एफ. सी. रोडवर एक चक्कर आणि दोघांत एक चहा. त्यामुळे या टर्मला माझ्या टेबलावर अलास्काचा नकाशा, ड्रॉइंग शीटवर काढलेला पर्ट चार्ट आणि व्हिसाचे फॉर्म दिसू लागले तेव्हा विंगमध्ये बरीच कुजबुज झाली. "एम.एस.ला चाललाय वाटतं," असंही एकाने जाहीर करून टाकलं.

मित्रांनो, तसं काही नाही. मी कुठेही जात नाहीये. जाणार आहेत माझे आई-बाबा.

बाबा कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर हिमनदी काढली. पांढऱ्या खडूने बर्फ, निळ्याने वितळलेलं पाणी, तपकिरीने हिमोढ. 'यू' आकाराची दरी आणि 'व्ही' आकाराची दरी यांतला फरक सांगावा तर त्यांनीच. पण बर्फ पाहिला तो फक्त फ्रीजमधला. आता ते रिटायर झालेत. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय. सिअ‍ॅटलला नोकरी करणाऱ्या ताईचं म्हणणं असं, की आई जरा तरी चालू शकते तोवर दोघांना हिमनदी दाखवायची. तिने फोनवर काम वाटून टाकलं, "पैशांचं मी बघते. प्लॅनिंग तू कर. इंजिनिअर होणार आहेस ना?"

अमेरिकेत आणि कॅनडात मुलं असलेल्या कितीतरी मराठी घरांत आज हाच विषय असतो. आई-बाबा येणार, मग त्यांना नायगारा दाखवायचा का अलास्का? आपल्याकडच्या टूर कंपन्याही अलास्काच्या सहली काढतात. तेव्हा मी जे काही शिकलो ते इथे मांडतो. उद्या तुमच्यापैकी निम्मे परदेशात असतील आणि तुमचेही आई-बाबा येतीलच.

आधी नकाशा

पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. अलास्काची राजधानी जुनो ५८ अंशांच्या थोडी वर. आर्क्टिक वृत्त सुरू होतं ६६.५ अंशांवर. म्हणजे या बोटी उत्तरेकडे जातात, पण उत्तर ध्रुवाच्या जवळपासही फिरकत नाहीत. सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र हा प्रकार इथे नाही. जूनमध्ये जुनोला साधारण १८ तास उजेड असतो, एवढंच.

ध्रुवाचं वेड पुण्याला जुनंच आहे म्हणा. लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली पुण्यातच प्रसिद्ध झाला. वेदांतल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ स्थान आर्क्टिक प्रदेशात असावं, असा तर्क त्यांनी मांडला. आज संशोधक तो तर्क मान्य करत नाहीत. पण तिकडे पाऊल न टाकता दीर्घ दिवस-रात्रीचं गणित पुण्यात बसून मांडणं, ही गोष्ट आपल्या प्रोजेक्टला धीर देणारी आहे.

अक्षांश कळले की दोन गैरसमज लगेच दूर होतात. एक, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, ते अलास्कात नाहीत. दोन, पांढरी अस्वलं अलास्कात आहेत, पण अगदी वरच्या आर्क्टिक किनाऱ्यावर. बोटीच्या मार्गावर तपकिरी आणि काळी अस्वलं भेटू शकतात. तिसरी निराशा आकाशातल्या रंगीत उजेडाची. ध्रुवीय प्रकाश दिसायला अंधार लागतो, आणि जूनमध्ये नीट अंधारच पडत नाही.

हिमनदी वाहते कशी?

हा भाग मी बाबांकडून शिकलो आणि त्यात थोडं मटेरियल सायन्स मिसळलं.

डोंगरावर हिवाळ्यात जेवढा बर्फ पडतो तेवढा उन्हाळ्यात वितळला नाही, तर थरावर थर साठत जातात. ताज्या भुसभुशीत हिमाची घनता घनमीटरला १०० किलोच्या आसपास असते. वरच्या वजनाने ते दबतं, मधली हवा निघून जाते, उरलेली बुडबुड्यांत अडकते. शेवटी घनता ९०० किलोच्या आसपास पोहोचते आणि हिमाचा कडक बर्फ होतो. हा थर पुरेसा जाड झाला की स्वतःच्या वजनानेच उतारावरून सरकू लागतो.

घन पदार्थ वाहतो कसा, हा वायवात विचारण्यासारखा प्रश्न आहे. उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे : क्रीप. कोणताही धातू त्याच्या वितळणबिंदूच्या जवळ असला की कमी भारातही हळूहळू ताणला जातो. उणे ५ अंश सेल्सिअसचा बर्फ म्हणजे केल्विनमध्ये २६८. वितळणबिंदू २७३. गुणोत्तर ०.९८. लोखंडाच्या भाषेत बोलायचं तर लोखंड सुमारे १५०० अंश सेल्सिअसला असावं, तशी ही अवस्था. आपल्याला गार लागणारा बर्फ मटेरियल म्हणून भयंकर 'गरम' असतो. शिवाय ताण दुप्पट केला तर बर्फाच्या विरूपणाचा वेग साधारण आठपट होतो. म्हणून जाड हिमनदी पातळ हिमनदीपेक्षा खूपच जोरात वाहते. त्यात तळाशी वितळलेलं पाणी असेल तर ती खडकावरून घसरतेही.

या वाहण्यात ती खडक खरवडते आणि दरीचा तळ रुंद करते. तीच ती फळ्यावरची 'यू' दरी. पुढे त्या दरीत समुद्र शिरला की झाला फियॉर्ड. अलास्काची बोट याच फियॉर्डांतून जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली खोल पाणी. एवढी मोठी बोट किनाऱ्याच्या इतक्या जवळून नेता येते याचं श्रेय हजारो वर्षं खणकाम करणाऱ्या बर्फाला आहे.

जी हिमनदी थेट समुद्रात उतरते तिच्या तोंडाचे तुकडे सुटून पाण्यात कोसळतात. बघण्याचा मुख्य प्रसंग हाच. बोट सुरक्षित अंतर ठेवून थांबते. समजा कडा एक किलोमीटरवर असेल, तर आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात. म्हणजे गडगडाट ऐकून कॅमेरा वळवला तर तुकडा केव्हाच पाण्यात गेलेला असतो. बाबांना मी हे आधीच समजावून ठेवलंय : आवाजाची वाट बघू नका, नजर कड्यावर ठेवा.

बर्फ निळा का दिसतो? बुडबुडे भरपूर असले की सगळाच प्रकाश विखुरतो आणि बर्फ पांढरा दिसतो. दाबाने बुडबुडे कमी झाले की प्रकाश आत खोलवर जातो, लाल भाग शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. आणि पाण्यात तरंगणारा तुकडा? बर्फाची घनता ९१७, समुद्राच्या पाण्याची १०२५. भागाकार करा. दहावा हिस्सा वर, बाकी सगळा खाली. आर्किमिडीज अलास्कातही चालतो.

मागे हटलेला बर्फ आणि पुढे येणारा बर्फ

अलास्काच्या बोटी ज्या हिमनद्यांसाठी प्रसिद्ध आहेत त्यांत दोन ठिकाणं महत्त्वाची. बुकिंग करताना बोट यांपैकी कुठे जाते हे आधी बघावं, बोटीवर जलतरण तलाव किती आहेत ते नंतर.

पहिलं ग्लेशियर बे. १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना इथे उपसागर असा जवळजवळ दिसलाच नाही. त्याच्या तोंडापर्यंत बर्फाची भिंत होती. १८७९ साली जॉन म्यूर तिथे गेला तेव्हा बर्फ ६० किलोमीटरहून जास्त मागे गेलेला होता. आज त्या उपसागराची लांबी शंभर किलोमीटरच्या वर आहे. त्याआधी, अठराव्या शतकाच्या मध्याला, हाच बर्फ पुढे आला होता आणि तिथे राहणाऱ्या ट्लिंगिट लोकांना आपली गावं सोडावी लागली होती. एवढं ओझं उतरल्यामुळे तिथली जमीन अजूनही वर उचलली जातेय, वर्षाला सुमारे ३ सेंटिमीटर. आमच्या विंगमधल्या सिव्हिलवाल्याला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला. लोड काढल्यावर होणारा रिबाउंड त्याने फक्त मातीच्या नमुन्यात बघितला होता.

१९८० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला फक्त दोनच मोठ्या प्रवासी बोटींना आत सोडतात. उद्यानाचे रेंजर बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. म्हणजे बाबांना बोलायला माणूस मिळणार.

दुसरं ठिकाण हबर्ड हिमनदी. लांबी सुमारे १२० किलोमीटर, समुद्राकडचं तोंड दहा किलोमीटरच्या आसपास रुंद. गंमत म्हणजे १८९५ साली मोजणी सुरू झाल्यापासून ही हिमनदी पुढे सरकतेय. १९८६ आणि २००२ साली तिने शेजारच्या रसेल फियॉर्डचं तोंडच बंद करून टाकलं. आत पाणी चढत गेलं आणि दोन्ही वेळा शेवटी बांध फुटला.

मग पृथ्वी तापतेय हे खोटं का? नाही. हिमनदी म्हणजे बँकेचं खातं. वरच्या भागात हिमाची जमा, खालच्या भागात वितळून आणि तुटून खर्च. हबर्डचं जवळजवळ सगळंच क्षेत्र उंचावर, जमेच्या बाजूला आहे, म्हणून तिची शिल्लक वाढते. पण एका खात्यावरून सगळ्या बँकेचा ताळेबंद काढता येत नाही. अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या आज पातळ होत मागे हटतायत. त्याचा फटका माणसांनाही बसतो. जुनोजवळच्या मेंडनहॉल हिमनदीच्या कडेच्या एका खोलगट भागात पाणी साचतं, ते बर्फाखालून वाट काढून अचानक सुटतं आणि शहरातल्या वस्तीत शिरतं. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांच्या ऑगस्टमध्ये तिथे असा पूर आला.

कोणता महिना, कोणते प्राणी?

बोटींचा हंगाम एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. आईने पहिलाच प्रश्न विचारला, "व्हेल दिसेल ना रे?" आणि तिथून महिन्याचा शोध सुरू झाला.

हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लं देतात. तिथे त्यांना खायला जवळजवळ काही नसतं. उन्हाळ्यात ते चारेक हजार किलोमीटर पोहून अलास्कात येतात आणि पोट भरतात. आपल्याकडे सुट्टीत घरी गेलेली हॉस्टेलची पोरं करतात तसंच. कधी कधी काही देवमासे मिळून माशांच्या थव्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांच्या त्या जाळ्यात मासे अडकतात आणि मग सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. जून ते ऑगस्ट हे त्यांना बघायला चांगले महिने. छोट्या बोटीतून बघायला गेलं तरी नियमाने किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर ठेवावंच लागतं.

सील माद्या मेअखेर-जूनमध्ये तरंगत्या बर्फावर पिल्लं देतात. समुद्री ऊदमांजर म्हणजे सी ऑटर पाठीवर तरंगत खाताना दिसतं. त्याच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर केस असतात, आणि त्याच फरपायी त्याची इतकी शिकार झाली की १९११ साली आंतरराष्ट्रीय करार करून ती थांबवावी लागली. अलास्काच्या या आग्नेय भागातून तर ते नाहीसंच झालं होतं. १९६० च्या दशकात दुसरीकडून आणून सोडले, त्यांचीच आता प्रजा वाढली आहे. पांढऱ्या डोक्याचे गरुड मात्र आपल्याकडच्या घारींसारखे जागोजागी बसलेले असतात. अस्वलं बघायची तर जुलै-ऑगस्ट बरा. तेव्हा सामन मासे नद्यांत चढतात आणि त्यांच्या मागे अस्वलं येतात.

पण ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो. आणि तो पाऊस म्हणजे साधा नाही. केचिकन या बंदराचा वार्षिक पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर आहे, पुण्याच्या चार-पाच पट, आणि तो बारा महिने विभागून पडतो. मे-जून त्या मानाने कोरडे. आम्ही तक्ता केला : बर्फ, देवमासा, पिल्लं, पाऊस, उजेड, प्रत्येकाला गुण. जूनचा मध्य पहिला आला. अस्वलाचे गुण गेले, पण आई म्हणाली, "अस्वल नाही दिसलं तरी चालेल, मला कुठे त्याच्याशी बोलायचंय."

बोट कुठून पकडायची?

मला वाटलं होतं हा सोपा प्रश्न आहे. ताई सिअ‍ॅटलला, तेव्हा बोट सिअ‍ॅटलहून. पण इथे १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आडवा येतो. परदेशी नोंदणीच्या जहाजाने केवळ अमेरिकेच्या बंदरांमध्येच प्रवासी ने-आण करू नये, असा तो कायदा. आणि अलास्काला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या मोठ्या बोटी परदेशी नोंदणीच्या. म्हणून सिअ‍ॅटलहून निघालेली बोट परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला काही तास थांबते. २०२१ साली कोविडमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली होती, तेव्हा अमेरिकेला खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली.

आपल्यासाठी याचा अर्थ एकच. भारतीय पासपोर्ट असेल तर बोट सिअ‍ॅटलची असो की व्हँकुव्हरची, अमेरिका आणि कॅनडा असे दोन्ही व्हिसा लागतात. बंदरात उतरायचं नसलं तरी लागतात. अमेरिकेचा व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा हवा, कारण कॅनडाला लागून बोट पुन्हा अमेरिकेत येते.

व्हिसा सारखेच लागणार असतील तर मग निकष राहिला आईचा. आईला बोट लागते. मुंबईहून अलिबागला जाताना लागली होती, आणि ती कथा आमच्या घरी अजून सांगतात. सिअ‍ॅटलच्या बोटी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकुव्हरच्या बोटी त्याच बेटाच्या आतल्या बाजूने, बेटांच्या आडोशाने जातात. लाटा अडवायला बेटं असल्यावर हेलकावे कमी. म्हणून व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परतणारी सात रात्रींची बोट ठरली. एकमार्गी बोटी सुअर्ड किंवा व्हिटियरपर्यंत जातात आणि हबर्डही दाखवतात, पण त्यांना अलास्काचं आखात ओलांडावं लागतं. ते उघडं पाणी आहे.

खोली निवडणं हा शुद्ध मेकॅनिक्सचा प्रश्न. बोट पुढे-मागे डोलते तेव्हा ती आपल्या मध्याभोवती फिरते. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर जास्त वरखाली होतं, मधल्याला काही कळत नाही. तेव्हा खालचा मजला, लांबीच्या मधोमध. या खोल्या बाल्कनीवाल्यांपेक्षा स्वस्तही असतात. बर्फ बघायला तसंही सगळे वरच्या डेकवरच जातात. गोळ्यांचं मात्र मी काही ठरवलं नाही, ते आईच्या डॉक्टरांवर सोडलं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि 'मित्राने सांगितली' या वर्गातली गोळी आईला द्यायची नसते.

क्रिटिकल पाथ

आता खरा प्रोजेक्ट. ज्यांनी सीपीएम फक्त पेपरपुरतं केलं असेल त्यांनी एकदा घरच्या कामाला लावून बघावं.

शेवटून मागे येऊ. बोट जूनच्या मध्यावर. बोटीचे पूर्ण पैसे साधारण ९० दिवस आधी भरावे लागतात, म्हणजे मार्चच्या मध्यावर. त्यानंतर रद्द केलं तर पैसे कापले जातात आणि जसजशी तारीख जवळ येते तसतसे जास्त कापले जातात. म्हणून दोन्ही व्हिसा मार्चच्या आधी हातात हवेत. अमेरिकेच्या व्हिसासाठी पुणेकरांना मुंबईला जावं लागतं, ठसे द्यायला एकदा आणि मुलाखतीला एकदा. मुलाखतीची तारीख मिळणं हीच मोठी अडचण. २०२२-२३ मध्ये मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. ही प्रतीक्षा कमी-जास्त होत राहते, म्हणून आजची स्थिती बघूनच चार्ट मांडावा. कॅनडाचा अर्ज वेगळा, त्याचे ठसे वेगळे. आणि या सगळ्याच्या आधी पासपोर्ट. बाबांच्या पासपोर्टवरचं नाव आणि पेन्शनच्या कागदांवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, तो आधी सरळ केला.

चार्ट काढल्यावर दिसलं, की पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा, कॅनडाचा व्हिसा, बोटीचे पूर्ण पैसे ही साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. फ्लोट शून्य. बाकी स्वेटर, बूट, बॅगा, नातेवाइकांना सांगणं, या सगळ्याला भरपूर फ्लोट. आमच्या घरी नेमकं उलट सुरू होतं. आईने स्वेटर विणायला घेतला होता आणि फॉर्म कपाटावर होता!

मुलाखतीची तयारी म्हणून बाबांनी उत्तरं पाठ करायला घेतली. मी म्हटलं, बाबा, पाठ करू नका, खरं ते सांगा. मुलगी तिकडे, मुलगा इकडे शिकतोय, पेन्शन इकडे, घर आणि दीड एकर इकडे. सात दिवस हिमनदी बघायची आणि परत यायचं. भूगोलाच्या शिक्षकाला याहून सरळ कारण कोणतं?

पैसे आणि पिशव्या

जाहिरातीत दिसणारा आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघं धरून असतो. त्यात खोली, जेवण आणि बोटीवरची करमणूक आली. त्यावर बंदराचे कर, रोजची टीप, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, विमानभाडं आणि विमा. टीपच बघा. माणशी दिवसाला १७ डॉलर धरले तर दोघांचे सात दिवसांचे २३८ डॉलर होतात. ताईला हे सगळे रकाने वेगवेगळे करून पाठवले, म्हणजे नंतर तिला धक्का नको.

विम्यात काटकसर नको. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि मोठं दुखणं आलं तर किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च फार येतो. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय तेवढं बारीक अक्षरांतलं वाचाच.

जेवण शाकाहारी हवं तर बुकिंगच्या वेळीच कळवावं. घरी केलेले डबे बोटीवर सहसा चालत नाहीत, कंपनीचं बंद पाकीट चालतं. म्हणजे आईचे लाडू ताईच्या घरापर्यंत, पुढे बाकरवडी. इस्त्री, किटली, इमर्शन रॉड या वस्तू बोटीवर आगीच्या भीतीने काढून घेतात. आपल्या रेक्टर सरांना हा नियम फार आवडेल. कपडे एकावर एक घालायचे : आत पातळ, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारं जॅकेट. उन्हाळ्यात तापमान १० ते १८ अंश, पण बर्फासमोर डेकवर वारा लागतो. आणि दुर्बीण. साधी ८ × ४२ ची बरी. फोनने फोटो निघतात, पण कड्यावरची पांढरी बकरी फोनमध्ये तांदळाएवढी दिसते.

बंदरं, रेल्वे आणि एक अवघड प्रश्न

आईला फार चालवणार नाही, म्हणून स्कॅगवे बंदरावर रेल्वे ठरवली. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीच्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेला हा तीन फुटी नॅरोगेज मार्ग. ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८७३ मीटर चढतो. आपली माथेरानची गाडी दोन फुटी, तिची ही थोरली बहीण म्हणा. बसल्या जागी डोंगर दिसतो, गुडघे वाचतात.

जुनो ही राजधानी असूनही तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही. विमानाने या, नाही तर बोटीने. लोकवस्ती ३२ हजारांच्या आसपास, आणि एका हंगामात बोटींचे प्रवासी येतात पंधरा लाखांच्या वर. गावाने शेवटी हात वर केला. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी, असा करार झाला. याच जुनोमध्ये २००१ साली बंदरावर उभ्या असलेल्या प्रवासी बोटीला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय जगात प्रथम झाली, म्हणजे इंजिनं बंद ठेवता येतात. तिथली वीज मुख्यतः जलविद्युत.

हे वाचून माझ्या रूममेटने विचारलं, "बर्फ वितळतोय म्हणून बघायला जायचं, आणि जायचं इंधन जाळत. हे बरोबर आहे का?" प्रश्न खरा आहे. मी बाबांनाही विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मी तीस वर्षं मुलांना न बघता शिकवलं. एकदा बघून आलो तर गावच्या शाळेत जाऊन पुन्हा एकदा शिकवीन." याने कार्बनचा हिशेब जुळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून एवढं केलं : एकच प्रवास, ताईकडचा मुक्काम आणि बोट एकत्र, आणि सिअ‍ॅटल ते व्हँकुव्हर रेल्वेने.

आणि आपलं काय?

आपल्यापैकी बहुतेकांना अलास्का आज परवडणारी नाही, मलाही नाही. पण हिमनदी बघायला समुद्र ओलांडावा लागतो असं थोडंच आहे. गंगोत्रीपासून गोमुख पायी सुमारे १८ किलोमीटर. परवानगी काढावी लागते, रोजची संख्या ठरलेली असते, आणि उंचीची सवय करत हळूहळू चढावं लागतं. तिथली हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, आणि तीही मागे हटतेय. आज ज्या ठिकाणी उभे राहाल तिथे दहा वर्षांनी बर्फ असेलच असं नाही.

दुसरा रस्ता नोकरीचा. गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड इथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे, अंटार्क्टिकात 'मैत्री' आणि 'भारती', आणि स्पितीमध्ये २०१६ पासून 'हिमांश'. तिथे फक्त शास्त्रज्ञ जात नाहीत. जनरेटर चालवायला, गाड्या दुरुस्त करायला, पाणी आणि वीज चालू ठेवायला डिझेल इंजिन आणि वायरिंग जाणणारी माणसं लागतात. म्हणजे आपण. वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला दांडी मारण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

आणि घरी फोन कराल तेव्हा आई-बाबांना एकदा विचारा, की त्यांनी आयुष्यभर नुसतं वाचलेलं, शिकवलेलं किंवा कॅलेंडरवर बघितलेलं असं कोणतं ठिकाण आहे. उत्तर अलास्का येणार नाही कदाचित. गंगोत्री येईल, कन्याकुमारी येईल, नाही तर साधं महाबळेश्वर. मग एक ड्रॉइंग शीट घ्या आणि शेवटच्या तारखेपासून मागे यायला लागा. त्यांच्या गुडघ्यांकडे फ्लोट कमी असतो.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी